अंतरपाटाची फाइल

३१ मार्च, सोमवार

इथल्या देशी बाजारातल्या, ओक ट्री रोडवरच्या सोनाराने जानेवारीत ही डायरी फुकट दिली होती. तीन महिने दुकानात धाग्यांच्या खोक्याखाली पडून होती. आज काढली, कारण ज्याच्याशी बोलावं तो माणूस घरी टीव्हीकडे बघत "हं" म्हणतो आणि दुकानात बोलायला फक्त एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे. मशीन निदान आवाज तरी करतं.

काल पाडवा झाला. श्रीखंड पाहिजे तसं घट्ट झालं नाही, पण माझं लक्षच नव्हतं. उर्वीचं लग्न मेअखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीतल्या शनिवारी आहे. एकुलती एक मुलगी, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला सॉफ्टवेअरमध्ये. मिहीर मुलगा चांगला आहे, त्याचे आईवडील इथेच वेस्ट विंडसरला राहतात. इतकी वर्षं आयसेलिनमध्ये बसून मी लोकांच्या मुलींचे ब्लाउज आणि शालू सजवले. आता माझ्या मुलीचा अंतरपाट मी भरणार नाही तर कोण भरणार?

साय रंगाचं रेशीम आणलं आहे, सलग. अंतरपाटाला जोड नको. कडेने पैठणीची वेल, दोन बाजूंना दोन मोर, खाली कमळं, वर कलश आणि मधोमध नावं. मशीनच्या फ्रेममध्ये कापड तुकड्यातुकड्यानेच बसतं, पण डिझाइन मी एकाच फाइलमध्ये करणार आहे. दोन्ही मोरांनी एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभं राहिलं पाहिजे. वेगवेगळ्या फाइली केल्या की एक मोर हटकून छताकडे बघतो. लोकांच्या कामात हे मी बघितलं आहे.

अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरा करायचा. बोलले, आता करायलाच हवा.

३ एप्रिल, गुरुवार

दुसरा मोर घातला आणि कॉम्प्युटर बसला. पडद्यावर पाटी आली की व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे. तीनदा बंद करून चालू केला. दुसरा मोर आला की पुन्हा तेच. एका मोरावर लग्न लावायचं का?

उर्वीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोनचा कॅमेरा उलटा करून पडद्यासमोर धरला, म्हणजे तिला दिसावं. ती म्हणाली, "आई, रॅम म्हणजे तुझं कटिंगचं टेबल. टेबल भरलं की तू कापड शेजारच्या खुर्चीवर टाकतेस ना? ती खुर्ची म्हणजे व्हर्च्युअल मेमरी. हार्ड डिस्कवरचीच थोडी जागा. तुझ्या मशीनवर कुणीतरी ती फार छोटी फिक्स करून ठेवलीय. तू ऑटोमॅटिक कर. किती जागा लागते ते विंडोज ठरवेल."

मी म्हटलं, माझ्या दुकानात काय किती लागतं ते मी ठरवते.

"ओके, मग कस्टम कर. दोन आकडे असतात. इनिशियल म्हणजे सुरुवातीलाच किती जागा धरून ठेवायची. मॅक्झिमम म्हणजे जास्तीत जास्त किती पसरू द्यायचं."

"आणि मधल्यामध्ये?"

"मधल्यामध्ये ते बघतं ना, आई. लागेल तसं."

मला हे "लागेल तसं" आवडत नाही. लग्नाच्या जेवणाला किती माणसं येणार विचारलं तर अर्धे लोक "बघू, जमेल तसं" म्हणतात आणि पाच जण जास्तीचे घेऊन येतात. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून मीच म्हटलं, उरलेलं मी करते. ती म्हणाली, "आई, अजून एक..." आणि मग म्हणाली, "नाही, जाऊ दे, नंतर."

४ एप्रिल, शुक्रवार

केलं आणि फसलं. रॅम आठ आहे, कुणीतरी सांगितलं होतं की दुप्पट आणि चौपट धरावं. इनिशियल सोळा, मॅक्झिमम बत्तीस घातलं आणि मोठ्या ऐटीत कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. काल निदान एक मोर पुरा उघडत होता. आज त्याचं शेपूटही आलं नाही.

उर्वीने कारण सांगितलं. आठ जीबी असते आणि ती चौकट एमबी मागते. एका जीबीत हजाराच्या वर एमबी. म्हणजे मी खुर्चीच्या जागी टाचणी ठेवायची उशी दिली होती. आता त्यात माझं काय चुकलं? आमच्यात चौतीस म्हटलं की इंच, कुणी विचारत नाही. ज्याने चौकट केली त्याने सरळ जीबीच ठेवायचं ना! नाचता येईना अंगण वाकडं, असं गुरुदत्त म्हणाला. बायकोचं बोलणं ऐकू येत नाही, पण म्हण बरोबर सुचते.

८ एप्रिल, मंगळवार

आज सकाळी नऊला, दुकान उघडते न उघडते तोच, उर्वीचाच फोन. तिकडे पहाटेचे सहा. लग्न ठरल्यापासून मुलीला आईची किती काळजी! एरवी रविवारशिवाय फोन नसायचा, आता एक दिवसाआड येतो. म्हणाली, झोप येत नव्हती, म्हटलं तुझी फाइल बघू या.

पुन्हा कॅमेरा पडद्याकडे केला. तिने एकेक पायरी सांगितली. सिस्टिम, मग अ‍ॅडव्हान्स्ड, मग परफॉर्मन्स, मग पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड, मग चेंज. ऑटोमॅटिकची खूण काढायची, कस्टम साइजवर टिंब आणायचं. इनिशियल सोळा हजार, मॅक्झिमम चोवीस हजार. "आता ओके दाब. पुन्हा ओके. रीस्टार्ट."

केलं तसंच. काही फरक नाही. पहिल्या मोराचं शेपूट यायच्या आतच पाटी आली. जाऊन बघितलं तर आकडे पुन्हा सोळा आणि बत्तीस! उर्वी म्हणाली, "ऑड आहे. राहू दे ना आई आज. कशाला इतका मोठा हवा अंतरपाट? साधा पांढरा पण चालतो. कुंकवाचं स्वस्तिक काढलं की झालं."

साधा म्हणे! एम्ब्रॉयडरीवालीच्या मुलीचा अंतरपाट साधा! सगळा ओक ट्री रोड काय म्हणेल? तिला तसं सांगितलं.

९ एप्रिल, बुधवार

सापडलं! आकड्यांच्या खाली "सेट" म्हणून एक बटण आहे. ते दाबल्याशिवाय आकडे लागतच नाहीत, नुसतं ओके दाबून सगळं वाऱ्यावर. पहिल्या वेळी मी दिसेल ते बटण दाबत गेले होते, त्यात तेही दाबलं गेलं असणार. माझं मीच शोधून काढलं. एवढी मोठी इंजिनियर, दिवसभर हीच कामं करते, आणि आईला सेट दाबायला सांगायला विसरली. हसले मी. लग्नाच्या गडबडीत मुली अशाच होतात.

दोन्ही मोर उघडले. डोळ्याला डोळा. मला दुकानात एकटीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि वाजवल्याही.

गुरुदत्तला सांगितलं की उर्वी सेट सांगायला विसरली. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाला, "उर्वी विसरली?" आणि मग, "तू तिच्याशी कॉम्प्युटरशिवाय दुसरं काही बोलतेस का?" मी म्हटलं, तू बोल ना मग. फोन मलाच येतो. तो पुन्हा टीव्हीकडे वळला, पण आवाज कमीच ठेवला.

१५ एप्रिल, मंगळवार

मिहीरची आई पद्मिनीताई येऊन गेल्या. बाई गोड आहेत, पण गोडीगोडीत यादी वाढवतात. दोन्हीकडची कुलदैवतं असली तर बरं दिसेल, नाही का सुहासिनीताई? आणि नावं जरा ठसठशीत. वर असंही म्हणाल्या की मिहीरने त्यांच्या घराजवळ घर बघून ठेवलं आहे, उर्वीने बदली मागितली आहे, नाही मिळाली तर थोडे दिवस घरीच राहील. मला हे माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखी मान हलवली.

उर्वीला विचारलं, "अगं, बदली मागितलीस?" म्हणाली, "हो म्हटलंय. मी सगळ्यालाच हो म्हटलंय." मला बरंच वाटलं. मुलगी पुन्हा इकडे येणार, दुकानापासून अर्ध्या तासावर.

मी नावांचे टाके बसवायला घेतले तर म्हणाली, "आई, नावं आत्ता नको घालूस. शेवटी घाल."

"का गं?"

"फाइल हेवी होईल."

हुशार आहे. अक्षरं भरीव, टाके जास्त, वजन जास्त. म्हणून मधली जागा मोकळी ठेवून बाकीचं करते आहे. मग तिने विचारलं, "एकदा शिवायला सुरुवात केली की मशीन मध्ये थांबवता येतं का?" मी सांगितलं, येतं, पण खूण राहते. जाणकाराला दिसते. ती म्हणाली, "आणि बाकीच्यांना?" म्हटलं, बाकीच्यांना कशाला काय कळतंय.

२१ एप्रिल, सोमवार

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

कुलदैवतं घातल्यावर पुन्हा पाटी आली. मला राग आला. दर वेळी थोडंथोडं काय वाढवायचं, एकदाच भरपूर देऊन टाकू म्हटलं. कुणाला न विचारता इनिशियल साठ हजार, मॅक्झिमम साठ हजार. दोन्ही सारखे. "लागेल तसं" काही नाही, मधलं काही नाही. सेटही दाबलं, आठवणीने.

फाइल भराभर उघडली. सकाळपासून मन लावून काम केलं. दुपारी सेव्ह केलं तर डिस्क भरली म्हणून पाटी! सगळी जागा त्या व्हर्च्युअल मेमरीलाच धरून ठेवली, फाइलला ठेवायला तसूभर उरली नाही. सेव्ह अर्ध्यावर तुटलं आणि आता फाइल उघडतच नाही. पेन ड्राइव्हवरची प्रत आहे ती महिन्याच्या सुरुवातीची, एक मोर आणि अर्धी वेल. मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. दोन बायका माप द्यायला आल्या, त्यांना परत पाठवलं.

उर्वीला सांगितलं. ती आधी हसली. मोठ्याने, अगदी लहानपणी हसायची तशी. आणि मग रडायला लागली. फोन नेहमीप्रमाणे पडद्याकडे होता, मला नुसता आवाज ऐकू येत होता. मीच तिची समजूत घातली, "अगं, कापड शाबूत आहे, फाइलच गेली, पुन्हा करीन, तुझी आई आहे मी." ती जास्तच रडली. आईच्या कष्टांची एवढी जाण असलेली मुलगी आजकाल कुणाला मिळते?

२२ एप्रिल, मंगळवार

आज दुकान बंदच ठेवलं. घरात येरझाऱ्या घातल्या. कपाट आवरायला काढलं आणि तसंच टाकलं. हात रिकामे असले की मला सुचत नाही, आणि हातात काही घेतलं तर तेही सुचत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

नव्याने सुरू केलं. आता इनिशियल बारा हजार, मॅक्झिमम तीस हजार, आणि पेन ड्राइव्हवर रोज प्रत. शहाणपण आलं, पण किंमत मोजून. डिझाइन दुसऱ्यांदा पटकन होतं, हाताला रस्ता माहीत असतो. डावीकडचा मोर आज शिवूनही झाला. निळा असा उतरला आहे की हात लावायची भीती वाटते.

संध्याकाळी मिहीर कुर्त्याचं माप द्यायला आला. उंच, नीट बोलणारा मुलगा. मोराकडे बघून म्हणाला, "काकू, धिस इज इन्सेन. आम्ही हे फ्रेम करून लिव्हिंग रूममध्ये लावू. वॉल पण ठरवलीय मी." माप घेताना विचारलं त्याने, "उर्वी तुम्हाला रोज फोन करते का?" मी म्हटलं, जवळजवळ रोज, तेही पहाटे उठून. तो म्हणाला, "मला म्हणते बिझी आहे. आठवड्यातून एकदा बोलतो आम्ही. तेही बहुतेक मीच बोलतो."

मला जरा अभिमानच वाटला. मुलगी शेवटी आईची असते. त्याला तसं म्हटलं आणि तो हसला, पण छातीचं माप घेताना श्वास असा रोखून धरला होता की टेप पुन्हा लावावी लागली.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. सोनारांच्या दुकानांबाहेर रांगा, पार्किंगवरून भांडणं. माझा अंतरपाट झाला! वेल, मोर, कमळं, कलश, दोन्ही देवता. फक्त नावं राहिली. अक्षरं फाइलमध्ये टाइप करून झाली आहेत, मशीनवर पाठवायची तेवढी बाकी.

उर्वीला फोटो पाठवला. सकाळभर उत्तर नाही. मग लिहिलं, "नावं नको शिवूस. शनिवारी येतेय."

एवढ्या लांबून, लग्नाला तीन आठवडे असताना, अचानक? गुरुदत्तला दाखवलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "मी आणायला जातो. तू दुकानातच थांब. तिला काय बोलायचं ते बोलू दे, मध्ये बोलू नकोस." मध्ये बोलू नकोस म्हणे. जसं काही मी नेहमी बोलतेच.

पण झोप येत नाही. काहीतरी आहे. कपड्यांचं असेल, दागिन्यांचं असेल. तेच असू दे, देवा.

३ मे, शनिवार

सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी गुरुदत्तने तिला दुकानात सोडलं आणि तो आत आलाच नाही. गाडीत बसून राहिला. मी कामात होते. अंतरपाट साड्यांच्या दांडीवर टांगून उंची बघत होते, कारण नवरीचा चेहरा पुरा झाकला गेला पाहिजे. तिला म्हटलं, "बरी आलीस, तिकडे उभी राहा, बघू दे कुठपर्यंत येतो ते." ती पलीकडे जाऊन उभी राहिली. मला तिचे नुसते बूट दिसत होते.

"येतेय का गं डोक्याच्या वर?"

"आई, मला हे लग्न नाही करायचं."

मी टाचण्या तोंडात धरल्या होत्या. म्हणून मध्ये बोलले नाही, नाहीतर बोलले असते.

रेशमाच्या पलीकडून ती बोलत राहिली. मिहीर वाईट नाही, त्याने काहीच वाईट केलं नाही. पण त्याचं सगळं आधीच ठरलेलं असतं. घर, नोकरी, भिंतसुद्धा. आणि तो इतकं छान विचारतो की ती हो म्हणून जाते. हो म्हटलं की त्या दिवसापुरतं सुटतं. मग पहाटे जाग येते आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. "तेव्हा तुला फोन करायचे. दर वेळी सांगायचं ठरवून करायचे. तू कॅमेरा फिरवायचीस आणि मला मोर दिसायचे."

मी टाचण्या काढून ठेवल्या. "मग बोलायचं नाही का, बये?"

"तू इतकं करत होतीस. मला वाटायचं फाइल उघडूच नये. क्रॅश झाली की हायसं वाटायचं, म्हणजे आज पण नावं घातली जाणार नाहीत." मग म्हणाली, "त्या दिवशी सेट दाबायला सांगितलं नाही मी. मुद्दाम की खरंच विसरले, आय डोन्ट नो, आई. खरंच माहीत नाही."

राग आला. खूप आला. लग्नासाठी ठरवलेल्या हॉलचा आला, लोकांचा आला, पद्मिनीताईंच्या गोड चेहऱ्याचा आला. दोनदा काढलेल्या मोरांचा आला. आणि सगळ्यात जास्त माझा मला आला. सहा वाजता पोरगी उठते आहे आणि मी वहीत लिहिते की तिला माझी काळजी! गुरुदत्तला टीव्हीसमोर बसून कळलं. मिहीरला माप देताना कळलं असेल.

गुरुजी अंतरपाट उत्तरेला ओढून घेतात. मी हाताला लागला त्या बाजूने ओढला. दांडी खाली आली, टाचण्या उधळल्या. समोर उर्वी. गालाची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं. महिनाभर रोज बोलत होतो आणि मी हा चेहरा बघितला नव्हता.

"जेवलीस का?" एवढंच सुचलं. ती नाही म्हणाली आणि गळ्यात पडली. आम्ही दोघी अंतरपाटावर उभ्या होतो, मोरावर तिच्या बुटाची माती. मी तसंच राहू दिलं.

४ मे, रविवार

उर्वीने मिहीरला एकटीने जाऊन सांगितलं. बाहेर बागेत भेटले. परत आली तेव्हा डोळे सुजले होते, पण पोटभर जेवली.

आम्ही दोघं वेस्ट विंडसरला गेलो. हे काम फोनवर होत नाही. पद्मिनीताईंनी दार उघडलं, आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. "मुलांनी डिसेंबरात लग्न ठरलं तेव्हाच सांगायचं होतं," म्हणाल्या. खरं होतं. मी हात जोडले. गुरुदत्त बोलला, मला वाटलं नव्हतं इतकं नीट आणि सरळ बोलला. मिहीर जिन्यावर उभा होता. म्हणाला, "काकू, मी विचारलं होतं ना तुम्हाला, रोज फोन करते का." मला त्याच्याकडे बघवेना.

९ मे, शुक्रवार

उर्वी बुधवारी परत गेली. लोकांचे फोन येतात, "काय झालं हो?" मी म्हणते, काही झालं नाही, म्हणूनच थांबलं. एकीने विचारलं, मग त्या अंतरपाटाचं काय? मी फोन ठेवला.

अंतरपाट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवला. मधली जागा कोरी आहे. जायच्या आधी उर्वीने फाइलमधली दोन्ही नावं काढून टाकली आणि सेव्ह केली. मग तीच म्हणाली, "व्हर्च्युअल मेमरी ऑटोमॅटिकवर टाकू? तुझे आकडे राहू देत का?" मी खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि म्हटलं, टाक. दोन दिवस झाले, एकदाही पाटी आली नाही. मला अजून विश्वास नाही, पण चालतंय.

आज सकाळी नऊला फोन आला नाही. मी दुकान उघडलं, धागे लावले, फोन समोर ठेवून बसले. दहा वाजले, अकरा वाजले. शेवटी गुरुदत्तला लावला, म्हटलं, उर्वीचा फोन नाही, मी करू का? तो म्हणाला, "तिकडे आत्ता आठ वाजलेत. झोपली असेल."

झोपू दे, म्हटलं.